दीड बोट

पवनीत सरळ उभा राहणारा इसम एकच आहे आणि तो म्हणजे आपल्या दुकानाच्या दारातला लाकडी पुतळा, असं नत्थू टेलरचं ठाम मत होतं. बाकी सगळे वाकडे. कोणाचा डावा खांदा पडलेला, कोणाच्या पाठीला पोक, कोणाचं पोट पुढे आणि त्याची भरपाई म्हणून मान मागे. चाळीस वर्षं गळ्यात टेप अडकवून त्याने ही माणसं मापली होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढता चढताच त्याला कळायचं की याला कुठे कापूस भरावा लागणार.

आपला धंदा कपडे शिवण्याचा नाही, असं तो स्वतःच सांगायचा. कपडे काय, रेडिमेड ढिगाने मिळतात. आपला धंदा वाकडेपण झाकण्याचा. कोटाच्या आत, बाही जोडतात त्या मुंढ्याच्या वर, बक्रमचं ताठ कापड आणि कापसाची घडी तो अशी बसवायचा की पडलेला खांदा दुसऱ्याच्या बरोबरीला यायचा आणि पोक कुठल्या कुठे जायचं. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव लग्नाच्या फोटोत ताठ दिसतात, ते काही आईबापाच्या पुण्याईने नव्हे. नत्थूच्या कापसाने.

मापं लिहायची त्याची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. छाती, कंबर, बाही यांच्या आकड्यांखाली तो बारीक अक्षरात माणसाचं वाकडेपण लिहून ठेवायचा, तेही बोटांत. डा. खां. एक बोट. पाठ दोन बोट. गावचे मुख्याध्यापक, सोसायटीचे अध्यक्ष, छाती काढून भाषणं ठोकणारे पुढारी, सगळे त्या वहीत बोटाबोटाने नोंदलेले. ती वही तो कोणाला दाखवत नसे. गिऱ्हाइकाचं वाकडेपण टेलरने चारचौघांत काढायचं नसतं, हा त्याचा नेम. तोंडाने काढत नसे, मनात मात्र एकेकाला यथेच्छ हसून घेई. रस्त्याने कोणी ताठ चालत गेला की मशीनवरून मान न उचलता बायकोला म्हणे, ‘‘पाह्य, माहा कापूस चालला.’’

त्याची बायको सुंदरबाई दुकानाच्याच मागच्या खोलीत काज-बटणं करायची. तिला या विनोदाचं हसू यायचं कधीच बंद झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी भय्याजींच्या राईस मिलच्या वरच्या हॉलमध्ये डान्सचा क्लास सुरू झाला. शिकवायला भुपेंद्र सर नागपूरहून शनिवार-रविवार यायचे. दारावर बोर्ड लागला, ‘बॉलरूम आणि लॅटिन’. नत्थूने तो वाचला आणि दुकानात येऊन पोटभर हसला. नाचणं शिकवायला नागपूरहून माणूस आणायचा म्हणजे पवनीवर काय वेळ आली म्हणायची. वरातीत लोक काय पुस्तक वाचून नाचतात? त्यातही एका नाचाचं नाव फॉक्सट्रॉट आहे असं कळल्यावर तर त्याला पर्वणीच मिळाली. तो त्याला फोकटट्रॉट म्हणायला लागला, आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर तेच नाव कायम झालं.

मग त्याचीच पोरगी डिंपल त्या क्लासला जायला लागली आणि टपरीवरचं हसू जरा अवघड झालं.

डिंपल बी.कॉम. झालेली, एकवीस वर्षांची. परीक्षा दिल्या आणि राज्याच्या स्पर्धेत एकदा उतरलं की शाळेत डान्स टीचर म्हणून लागता येतं, असं तिने घरात सांगितलं. सुंदरबाईचा पहिला प्रश्न हात कोण कुठे ठेवतो हा होता. डिंपलने भिंतीजवळ उभं राहून ते दाखवून दिलं. पोराचा उजवा हात पोरीच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली. पोरीचा डावा हात पोराच्या उजव्या दंडावर टेकलेला. दुसरे दोन हात बाजूला, हवेत. दोघांची तोंडं एकमेकांकडे नाहीत, आपापल्या डाव्या अंगाला वळलेली. ‘‘एकमेकाले पाहतच नाही?’’ सुंदरबाईने विचारलं. नाही म्हटल्यावर तिला ते बरंच सोवळं वाटलं असावं. ती पुन्हा बटणाकडे वळली.

नत्थूने होकार दिला त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते त्याने कोणाला सांगितलं नाही. वहीत डिंपलच्याही ड्रेसची मापं होती, दर वर्षीची. त्या पानांवर आकड्यांखाली बारीक अक्षरात काहीच लिहिलेलं नव्हतं. लाकडी पुतळ्यानंतर पवनीत दुसरं सरळ माणूस कोण असेल तर ती. हे तिला एकदा तोंडाने सांगावं, एवढं त्याच्याने कधी झालं नाही. लोकांच्या वाकडेपणाबद्दल मात्र तो दिवसभर बोलू शकायचा.

डिंपलचा जोडीदार अमर, म्हणजे भय्याजींचा एकुलता एक मुलगा. हॉल त्याच्या बापाचा, आरसे त्याच्या बापाचे, पंखे त्याच्या बापाचे, तेव्हा क्लासमधला सगळ्यात हुशार विद्यार्थी तोच निघाला यात नवल नाही. स्पर्धेसाठी मागे दोन शेपट्या असलेला काळा कोट लागतो. तो शिवायला अमर नत्थूकडे आला. नत्थूने त्याला रीतीप्रमाणे सावधान उभा केला, माप घेतलं आणि नवरदेवाचा शिवावा तसा झकास कोट शिवला. अमरने तो घालून नाचासाठी हात वर उचलले मात्र, दोन्ही खांदे कानाला जाऊन भिडले आणि कॉलर मानेवर चढली. भुपेंद्र सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘नत्थूजी, हा कोट आहे का धानाचं पोतं?’’

चाळीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. नत्थू दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. नाचाचा कोट हात खाली सोडलेल्या माणसासाठी कापायचाच नसतो. तो हात उचललेल्या माणसासाठी कापायचा. हात खाली आल्यावर तो कसा का दिसेना, नाचात खांदे सपाट राहिले पाहिजेत. त्याने अमर आणि डिंपलला दुकानात बोलावलं, सुंदरबाईला मध्ये बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि दोघांना नाचाच्या पवित्र्यात उभं केलं. अमरच्या अंगावर कच्च्या टाक्याचा कोट चढवून तो खडू घेऊन भोवती फिरत राहिला.

तेव्हाच त्याला दिसलं. हात उचलून मिनिटभर झालं की अमरचा उजवा खांदा हळूहळू खाली बसायचा, आणि खांद्यामागोमाग कोपर. पोरीच्या पाठीला आधार द्यायचा हात तोच. नत्थूने टेप लावला आणि वहीत लिहिलं, उ. खां. दीड बोट. मग जे आयुष्यभर केलं तेच केलं. उजव्या खांद्यात दीड बोट कापूस भरला, बाहीच्या वरच्या अंगाला बक्रमची पट्टी दिली. पडलेला खांदा वर आला आणि कोपर कापडापुरता तरी जागेवर दिसायला लागला.

कोट असा उतरला की भुपेंद्र सरांनी त्याचे फोटो काढून नागपूरला पाठवले. नत्थूची छाती फुगली. दर रविवारी तो आपला कोट नाचताना बघायला हॉलमध्ये जाऊन बसू लागला. नाचाकडे त्याचं लक्ष नव्हतं, नाच त्याला अजूनही फोकटच वाटत होता. पण कापड कुठे ओढलं जातं ते बघता बघता त्याला एक एक स्टेप ओळखू यायला लागली. कोटाच्या शेपट्या डावीकडे फेकल्या गेल्या की नॅचरल टर्न. उजवीकडे गेल्या की रिव्हर्स. पॅन्टची एक इस्त्री दुसऱ्या इस्त्रीच्या मागे जाऊन लपली की व्हिस्क. रुंबा या लॅटिन नाचात गुडघ्याला चुण्या पडल्या तर समजायचं की पाय सरळ न करताच गडी पुढे गेला, आणि गुडघ्याला चुण्या न पडलेला एकही गडी त्या हॉलमध्ये नव्हता. एका स्टेपचं नाव न्यू यॉर्क होतं. ते का, हे त्याने भुपेंद्र सरांना विचारलं. सरांनी मोबाईल काढून बराच वेळ बघितला आणि रेंज नाही म्हणाले.

डिंपलच्या परीक्षेत स्टेप ओळखायचा एक पेपरच होता. परीक्षक नाचून दाखवणार आणि पोरांनी नाव सांगायचं. ती घरी मोबाईलवर व्हिडिओ लावून बसायची आणि तिने तोंड उघडायच्या आत मशीनवरून नत्थू नाव सांगून मोकळा व्हायचा. ‘‘तुमी पाय पाहत नाही बाबा, कपडे पाहता,’’ ती म्हणायची. ‘‘पाय झूठ बोलते,’’ तो म्हणायचा. ‘‘कपडा नाही बोलत.’’ एवढं मोठं वाक्य आपण कोणत्या तोंडाने बोललो, हे त्याला फार पुढे कळायचं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी भुपेंद्र सरांचं टुमणं सुरू झालं. ‘‘डिंपल, लटकू नको त्याच्यावर. डावा कोपर लोंबून राहिला तुझा.’’ दर रविवारी तेच. आरशात बघितलं तर खरंच तसं दिसायचं. अमरचे खांदे मोजपट्टीने आखल्यासारखे सरळ आणि त्याच्या बाजूला डिंपलचा डावा कोपर खाली गेलेला, कंबर वाकलेली, मान कलंडलेली. अमर दंड चोळत म्हणायचा, ‘‘सर, मले लय जड वाटते ते.’’ स्वतःच्या हाताचं वजन पोरीच्या नावावर घालायला त्याला काही वाटत नव्हतं. सरांनाही वाटत नव्हतं, कारण त्यांना हॉल लागत होता.

डिंपल पोर चिवट. ती घरी दोन्ही कोपरांत बांबूची काठी अडकवून तास तास उभी राहायची. काठी तसूभर कलायची नाही. हॉलमध्ये जाऊन अमरच्या हातात उभी राहिली की कोपर पुन्हा खाली. तिने जेवण कमी केलं. सुंदरबाईने ताटावर बसून शिव्या दिल्या तरी तिने भाताला हात लावायचं सोडलं. आपणच वाकडे आहोत, हे तिने हळूहळू खरं मानलं होतं. आणि नत्थू हॉलच्या कोपऱ्यात बसून आपल्या कोटाचे सपाट खांदे बघत होता आणि खुशीत मान हलवत होता. स्वतः भरलेल्या कापसाला स्वतःच फसणारा टेलर दुसरा कुठे मिळाला नसता.

राज्याच्या स्पर्धेसाठी निवड करायला निर्मला मॅडम नागपूरहून येणार असं ठरलं. त्या मोठ्या परीक्षक. भुपेंद्र सरांनी डिंपलला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारपर्यंत कोपर सुधारला नाही, तर अमर नागपूरच्या एका मुलीसोबत उतरेल. तिला तयार राहायला सांगून ठेवलं आहे. डिंपल घरी आली. काठी घेऊन उभी राहिली.

शुक्रवारी अमरचा कोट इस्त्रीला आला. खांदा जरा ढिला वाटतो म्हणे. नत्थूने अस्तर उसवलं. उजव्या मुंढ्याखालचं अस्तर घासून घासून विरलं होतं. डाव्या बाजूचं नव्यासारखं. म्हणजे वर कापड जागेवर उभं होतं आणि आत हात केव्हाचाच खाली जाऊन बसला होता. नत्थूने वही काढली. उ. खां. दीड बोट. त्याचंच अक्षर. त्याने मान वर केली तर मागच्या खोलीत डिंपल काठी अडकवून उभी होती, आणि काठी सरळ होती.

त्याला स्वतःचा असा राग आला की कात्री हातातून ठेवावी लागली. वर्षभर सगळी पवनी त्या आरशात बघत होती, आणि बघत काय होती, तर त्याचा कापूस. अमरचा खांदा पडलेला दिसला असता तर पोरीचा कोपर का पडतो ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याने ओढून सगळा कापूस बाहेर काढला, बक्रमची पट्टी कापली, अस्तर पुन्हा शिवलं. चाळीस वर्षांत त्याच्या दुकानातून वाकडा कोट बाहेर पडला नव्हता. हा पडला, त्याच्या नावाच्या लेबलसकट.

रविवारी सकाळी हॉल भरला. भय्याजी स्वतः पहिल्या खुर्चीवर बसले. वॉल्ट्झ सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात अमरचा उजवा खांदा कोटासकट खाली आला. नत्थू खुर्चीत पुढे सरकला. आता दिसेल. आता सगळ्यांना दिसेल.

निर्मला मॅडमनी संगीत थांबवलं. ‘‘या कोटाचा खांदा असा का पडलाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘टेलर गावातला आहे, मॅडम,’’ भुपेंद्र सर हसले. ‘‘वय झालं त्यांचं.’’

अमरने कोपऱ्याकडे बघून हाक दिली, ‘‘काका, नजर गेली वाटते आता.’’ भय्याजींनी पुढचा कोट नागपूरला शिवू म्हणून सांगितलं. लोक हसले. मग मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मुलगी मात्र लोंबतेय हं.’’

नत्थूला वाटलं, घ्या. चाळीस वर्षं यांची पोकं झाकली, आणि आज एक उघडं केलं तर यांना त्यातही कापडच दिसलं. मिलमालकाच्या पोराला खांदा असतो आणि तो पडू शकतो, हे या हॉलमध्ये कोणाच्या मनातही येत नव्हतं. तो उठला.

‘‘मॅडम, कोट काढून नाचवा त्याले.’’

भुपेंद्र सर म्हणाले, असं चालत नाही. मॅडमनी नत्थूकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाल्या, चालवून बघू. अमरने कोट काढला. शर्टात काही झाकायला जागा नव्हती. दोघं पवित्र्यात उभी राहिली आणि खांदा सगळ्यांदेखत खाली बसत गेला, खांद्यामागोमाग कोपर, आणि त्या कोपरासोबत डिंपलचाही. मॅडम अमरच्या मागे गेल्या. दोन बोटं त्याच्या कोपराखाली लावून त्यांनी हात वर उचलला. डिंपल आपोआप सरळ झाली. त्यांनी बोटं काढली, ती कलली. पुन्हा लावली, सरळ झाली. असं त्यांनी तीन वेळा केलं.

‘‘ही लोंबत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिला याने धरलेलंच नाही.’’ मग भुपेंद्र सरांना त्यांनी डिंपलसोबत नाचायला लावलं. एक चक्कर झाली, आणि जड मुलगी कुठे गेली ते सरांनाही सांगता आलं नसतं. तिचा कोपर काठी अडकवल्यासारखा जागेवर होता. सर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

‘‘तुम्हाला कसं कळलं हो?’’ मॅडमनी नत्थूला विचारलं.

इथे नत्थूने गप्प बसायला हवं होतं. पण आत्ताच सगळे हसले होते, आणि आता सगळे ऐकत होते. त्याने वही आणलीच होती. पान उघडून ती त्याने वर धरली. जी वही कोणाला दाखवायची नाही, ती.

‘‘कळायले काय झालं, मॅडम. मापात लिहून आहे. उजवा खांदा दीड बोट. दोन वर्सांपासून लिहून ठेवलं मी. नत्थूची नजर काई गेली नाही.’’

भय्याजी उठून निघून गेले. मॅडमनी निर्णय सांगितला. हा मुलगा यंदा नको, आणि स्पर्धा जोडीची, नवा जोडीदार शोधायला तारीख उरली नाही, तेव्हा यंदा पवनीतून कोणीच नाही. डिंपलला त्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, पुढच्या वर्षी कोणी मिळाला तर ये. पवनीत कोण मिळणार होतं.

बाप-लेक दुकानात आले तेव्हा दुपार झाली होती. नत्थू फुशारीत होता. भुपेंद्र सरांचं तोंड कसं झालं, अमरची मान कशी खाली गेली, हे तो सुंदरबाईला साभिनय सांगत होता. डिंपल नाचाचे बूट पायात तसेच ठेवून दारातल्या पुतळ्याजवळ उभी होती. त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, तुमाले दोन वर्सांपासून मालूम होतं?’’

‘‘मालूम म्हंजे काय, माप घेतलं तवाच दिसलं मले.’’

‘‘मंग कापूस कायले भरला जी?’’

त्याने चष्मा काढून पुसला. ‘‘गिऱ्हाईक होता बापा तो. गिऱ्हाइकाचं झाकाच लागते.’’

‘‘अन् मी कोन होती?’’

पवनीतल्या प्रत्येक माणसाबद्दल नत्थूकडे बोलायला काही ना काही होतं. डिंपलने वाकून बूट काढले आणि आत निघून गेली. नत्थूने समोर आलेली पॅन्ट ओढून घेतली आणि मशीन चालू केली. ती बराच वेळ चालली. शेवटी सुंदरबाईने आतूनच सांगितलं, ‘‘दोरा नाही जी मशीनले.’’